साहेबांचा नैवेद्य

ज्ञानेश मास्तर कोठावदे चित्रकला शिकवून निवृत्त झाले, तेव्हा शाळेनं त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि पेन्शनच्या कचेरीनं हेलपाटे. त्या कचेरीच्या बाकावर बसून बसून मास्तरांना तिथली सगळी माणसं पाठ झाली. टेबलावरचा हात कसा पडलेला असतो, टेबलाखालचा कसा असतो, 'उद्या या' म्हणताना मान कुठल्या बाजूला वळते. मग एक दिवस घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "लोक तिकीट काढून जुनी नाणी बघतात, भाले-तलवारी बघतात. जे रोज भेटतं ते मात्र कुणी नीट बघितलेलं नाही. मी संग्रहालय काढतो. लाचेचं."

प्रतिभाताई तुळशीला पाणी घालत होत्या. तांब्या पुरता रिकामा झाल्यावर त्यांनी विचारलं, "जागा कुठं आहे?"

जागा सावळीरामनं दिली. द्वारका चौकाच्या मागं ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं आहेत, त्यातलं एक त्याचं. चांदवडकडचा कांदा भरून त्याचे ट्रक मुंबईला जात. कधीकाळी तो मास्तरांचा विद्यार्थी होता. "मास्तर, तुमी मला चित्रकलेत नापास केलं, पन खोटं पास नाय केलं," तो म्हणाला. "घ्या गोदाम. भाडं नको. फकस्त माझं चित्र नका लावू भितीवर."

गोदामाला कांद्याच्या सालीचा आणि डिझेलचा वास होता. मास्तरांनी भिंतींना चुना दिला आणि एकेक वस्तू मांडत गेले. एका काचेच्या पेटीत काहीच नव्हतं. खाली पाटी होती, 'पूल. काम पूर्ण.' एका ठिकाणी रस्ता उभा कापून दाखवला होता, खडीचा थर, मुरुमाचा थर, डांबराचा थर, आणि मधे सगळ्यांत जाड थर नुसत्या हवेचा. त्यावर लिहिलं होतं, 'टक्केवारी.' एक तराजू होता, त्याच्या पारड्याला खालून लोहचुंबक. चहापाणी, वजन, मिठाई, हात ओले करणं, असल्या शब्दांची एक अख्खी भिंत होती. पण नुसतं हसवून सोडायचं नाही, हा मास्तरांचा हट्ट. म्हणून प्रत्येक वस्तूखाली सुबक अक्षरांत लिहिलेलं असे, की रेशनकार्डाची खरी फी किती, दाखला कुणी द्यायचा, नाही दिला तर तक्रार कुठं करायची. शाळांच्या सहली येऊ लागल्या की मुलं हसतील आणि त्यांचे शिक्षक हे उतरवून घेतील, असा त्यांचा हिशेब होता, आणि पुढं तसंच झालं.

सगळ्यांत शेवटी, गोदामाच्या टोकाला, साहेब.

साहेब शाडूच्या मातीचे होते, माणसाएवढे. मास्तरांनी ते स्वतः घडवले. लिलावातून आणलेल्या एका सरकारी टेबलामागं, वेताच्या खुर्चीत बसवलेले. चेहरा कुणाचाच नव्हता. कुणाची बदनामी नको, म्हणून नाक-डोळे असे काढले होते की पाठ वळवली की विसरायला व्हावेत. उजवा हात टेबलावर, डावा टेबलाखाली, तळवा वर. डाव्या बाजूच्या ट्रेमध्ये एक फाईल. बघणाऱ्यानं पुठ्ठ्याचं नाणं खणात टाकलं की आतली तार ओढली जाई आणि फाईल सरकत सरकत उजव्या ट्रेमध्ये जाऊन पडे. नाणं नाही तर फाईल नाही.

उद्घाटन १९९९च्या दसऱ्याला ठरलं. पुढाऱ्याला बोलवण्याचा प्रश्नच नव्हता. मास्तरांना वेगळीच गंमत सुचली.

"साहेबांची प्राणप्रतिष्ठा करू," ते म्हणाले. "तू पूजा सांग. लोक पोट धरून हसतील."

प्रतिभाताईंनी बायकांच्या पौरोहित्य वर्गात जाऊन सगळे विधी शिकून घेतले होते. बोलणं हळू, पण मंत्र स्वच्छ. मंगळवार, चतुर्थी, एकादशी त्यांनी कधी चुकवली नाही. देवाला दाखवल्यावाचून घरात चहाचा घोटही कुणी घेत नसे. तेवढा त्यांचा धाक होता, आणि तो आवाज न चढवता होता.

"मी काय सांगू पूजा?" त्या म्हणाल्या.

"संस्कृतसारखं म्हण गं काहीतरी. साहेबाय नमः, फाईलाय नमः."

"अहो, काहीतरी नाही म्हणता येत मला. तोंडातून निघायचं तर खरंच निघतं."

"मग खरं म्हण! कुणाला कळणार आहे?"

प्रतिभाताईंना तिथंच नाही म्हणता आलं असतं. पण माणूस एवढा हौसेनं राबला होता, त्याच्या कामात मोडता घालवेना. आणि एकदा समई लावून समोर बसल्यावर त्यांना अर्धंमुर्धं करणं जमेना. त्यांनी संकल्प सोडला. साहेबांच्या छातीवर उजवा तळवा ठेवून प्राण बोलावण्याचे मंत्र सगळेच्या सगळे म्हटले. दूर्वेच्या टोकानं डोळ्यांना तूप लावलं. सुरुवातीला सावळीराम पत्र्याचा डबा घंटेसारखा बडवत होता आणि लोक खिदळत होते. मंत्र संपत आले तेव्हा डबा थांबलेला होता. तळव्याखाली माती कोमट लागत होती. वरती मास्तरांनी मोठे दिवे लावले होते, त्यांची ऊब असेल, असं प्रतिभाताईंना वाटलं.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी ताट वाढून घेतलं, पण घास घशाखाली उतरेना. ज्याला बसवलं त्याला उपाशी ठेवून आपण जेवायचं, हे त्यांच्या अंगवळणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या पंचवटीत कमळाबाईंकडे गेल्या. पौरोहित्य त्यांनीच शिकवलेलं. कमळाबाई वाती वळत होत्या.

"मूर्ती कुणाची?"

"साहेबांची."

"कोण साहेब?"

"कुणीच नाही. गमतीचे."

वळलेली वात कमळाबाईंच्या बोटांत तशीच राहिली. "बोलावणं गमतीचं होतं, हे येणाऱ्याला कसं कळावं, प्रतिभा?" मग ती ताटात ठेवत त्या म्हणाल्या, "कुणी आलं असेल, नसेल. पण उपाशी ठेवू नकोस. चिमूटभर साखर पुरे. आणि नको वाटेल तेव्हा रीतसर उत्तरपूजा करून उठव. तसाच टाकून देऊ नकोस."

संग्रहालय रोज सकाळी प्रतिभाताईच उघडत. झाडलोट करत आणि एका छोट्या वाटीत साखर ठेवत. मास्तरांनी बघितलं तर चेष्टा करतील, म्हणून वाटी त्या टेबलाखाली ठेवत, साहेबांच्या डाव्या हाताशी. आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्या एकट्याच जराशा हसल्या. पण जागा काही बदलली नाही.

दुसऱ्या दिवशी वाटी घासल्यासारखी लख्ख असे.

गोदामात मुंग्यांना तोटा नव्हता. पण टेबलापाशी एकही मुंगी फिरकत नसे. ट्रकांची धूळ दारातून आत येऊन सगळ्यावर बसे, पुलाच्या पेटीवर, तराजूवर, शब्दांच्या भिंतीवर. साहेबांवर नाही. आणि डोळ्यांना लावलेलं तूप वाळलंच नाही. दिवाळी झाली, संक्रांत झाली, तरी डोळे ओले दिसत.

मग फाईल. रोज बंद करताना डावीकडं ठेवलेली फाईल सकाळी उजवीकडं असायची.

"स्प्रिंग ढिली झाली," मास्तर म्हणाले आणि त्यांनी तार काढून दुरुस्तीला नेली. तार घरी पेटीत होती, तेव्हाही सकाळी फाईल उजवीकडंच होती.

"तू ठेवलीस का?"

"नाही."

"मग सावळ्यानं ठेवली असणार. उनाड आहे अजून." मास्तरांनी फाईल परत डावीकडं ठेवली, हात पुसले, आणि तो विषय काढला नाही.

त्याच सुमाराला घरी टेलिफोन आला. कितीतरी वर्षांपूर्वी अर्ज केलेला. घरातले सगळे तो विसरून गेले होते. पाठोपाठ मास्तरांची पेन्शन सुरू झाली, मागच्या थकबाकीसकट. गल्लीतला नळ आधी त्यांच्या दारी आला. मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. "बघ! न देताही कामं होतात. दम पाहिजे नुसता!" त्यांनी एक नवीन फलक रंगवला, 'लाच न देता झालेली कामं', आणि त्यावर घरचीच उदाहरणं लिहिली. तो फलक त्यांनी मोठ्या प्रेमानं साहेबांच्या शेजारीच टांगला.

शेजारच्या धोंडाबाईंचा फुलांचा मळा होता, मखमलाबादेकडं. त्या रोज सकाळी देवपूजेला फुलं आणून देत. एकदा परडी ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुमचा फोन लय आवाज करतो ओ ताई. आमच्या घरात ऱ्हाऊन आईकू येतो." मग हसल्या. "आमचा अर्ज तुमच्या वरती व्हता. आता म्हन्तात सापडतच नाय. फिरून भरा म्हन्तात."

"आणि नळाचं?"

"त्याचंबी तसंच. कागुदच नाय म्हन्तात." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमी देवाधर्माच्या. तुमच्यावर मर्जी हाय त्याची."

प्रतिभाताईंनी त्या दिवशी फुलं देवाला वाहिली, पण हात जोडायला त्यांना वेळ लागला.

पुढं सावळीरामनं एक पेढा आणून साहेबांपुढं ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. "साहेब, परवान्याचं बघा जरा," डोळा मारून म्हणाला. त्याच आठवड्यात त्याचा अडकलेला परवाना हातात आला. "वयनी, साहेब पावतो बघा!" तो सांगायला आला. जाता जाता म्हणाला, "आपला ड्रायव्हर हाय ना, वाळू, त्याचा मात्र हुकला. नंबर त्याचाच व्हता खरं तर. नशीब एकेकाचं."

ही गोष्ट गोदामांच्या रांगेत पसरायला वेळ लागला नाही. माणसं येऊ लागली. पुलाची पेटी, रस्त्याचा थर, कशाकडंही न बघता सरळ टोकाला जात. दारात चपला काढत. मास्तर आपले समजावून सांगायला पुढं होत, "हे बघा, हे नाणं टाकायचं, म्हणजे—" आणि माणसं मान हलवत, पण बघत साहेबांकडं.

"अहो हसा की! हसण्यासाठी आहे हे," मास्तर एकदा एका म्हाताऱ्याला म्हणाले.

"हसू कसं, मास्तर," म्हातारा हळूच बोलला. "काम हाय माझं."

मास्तरांच्या घरात तेव्हा एकच काम अडलेलं होतं. तेजलचं.

तेजल त्यांची एकुलती मुलगी. चांदवडच्या एका शाळेत शिकवायची. रोज एसटीनं जाऊन येऊन. तिच्या नेमणुकीला जिल्ह्याच्या कचेरीची मान्यता मिळाली नव्हती. मान्यता नाही म्हणजे पगार नाही, आणि नोकरी कधी जाईल ते सांगता येत नाही. त्याच शाळेत शुभांगी नावाची आणखी एक शिक्षिका होती, तिचंही तसंच. दोघी एकाच सीटवर बसून प्रवास करायच्या, एकमेकींच्या डब्यातलं खायच्या. जागा मात्र एकच मंजूर होणार होती, आणि हक्क शुभांगीचा होता. ती तेजलच्या कितीतरी आधी लागलेली. तिच्या नवऱ्याचं दुकान बसलं होतं. घर तिच्या शिकवण्यांवर चाललेलं.

"तिला मिळाली पाहिजे, हे मला कळत नाही का?" तेजल एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. "पण आई, पप्पांच्या त्या संग्रहालयापायी माझी फाईल सगळ्यांत खाली घातलीय त्यांनी. सगळ्या गावाची कामं होतात तिथं. तू एकदा सांग ना त्याला."

"कुणाला?"

"माहितीय तुला."

प्रतिभाताईंनी तवा खाली उतरवला. "मी कुणाला काही सांगत नाही. सांगितलेलं नाही."

हे खरं होतं, आणि त्यांची झोप उडाली होती ती त्यामुळंच. टेलिफोन त्यांनी मागितला नव्हता. नळ मागितला नव्हता. त्या फक्त साखर ठेवत होत्या. मग तेजलचं काम न सांगता व्हायचं राहील कशावरून? आणि झालं, तर ते कुणाच्या ताटातून उचलून आलेलं असेल, हे विचारायलाही नको होतं.

एका रविवारी शुभांगी तेजलबरोबर संग्रहालय बघायला आली. काटक, सावळी, बोलायला चुरचुरीत. टक्केवारीच्या थराला ती हसली, रिकाम्या पुलाला तर खूप वेळ हसली. साहेबांसमोर उभी राहून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काकू, ह्यांना मी ओळखते! मागच्या सोमवारी ह्यांनीच मला सांगितलं, बाई, जेवणाची सुट्टी झाली. घड्याळात अकरा वाजले होते!" कितीतरी महिन्यांनी तिथं कुणी मोकळं हसत होतं. मास्तरांचा चेहरा उजळला.

हसता हसता शुभांगी एकदम मागं सरकली.

"काकू, टेबलाखाली कुणी आहे का?"

"नाही गं. का?"

"पदर ओढल्यासारखा झाला." तिनं पदर बघितला, टेबलाची कड बघितली. "खिळ्याला अडकला असेल."

टेबलाला खिळा नव्हता. लाकूड गुळगुळीत होतं. प्रतिभाताई ते रोज पुसत. शुभांगी पुन्हा हसली, पण पदर खोचून घेऊन ती लवकरच दाराशी जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी प्रतिभाताईंनी साखर ठेवली नाही. घरी येऊन त्या पानावर बसल्या. घास तोंडात फिरत राहिला. दोन घास घेऊन त्या उठल्या. त्याच्या पुढल्या दिवशी तेवढंही जमलं नाही. तेजल काळजीनं विचारू लागली तेव्हा त्या गुपचूप गेल्या आणि वाटी भरून आल्या. घरी येऊन पोटभर जेवल्या, आणि त्या जेवणाची त्यांना लाज वाटली. आता उठवण्यावाचून मार्ग नव्हता.

त्यांनी मास्तरांना सांगितलं. मास्तर भांडतील अशी त्यांची कल्पना होती. सगळ्यांत मोठी वस्तू होती ती, सगळ्यांत मेहनतीची.

मास्तर बराच वेळ ब्रश धूत बसले. "मी लोकांना जे बघून हसायला बोलावलं," ते म्हणाले, "त्याच्या पाया पडतायत ते." मग म्हणाले, "उठव."

"तेजलचं काम नाही व्हायचं मग कदाचित."

"नाही झालं तर नाही झालं. शुभांगीचं होईल. तेच बरोबर आहे."

लग्नाला इतकी वर्षं होऊन गेली होती. पण त्या दिवशी नवरा प्रतिभाताईंना फार जवळचा वाटला.

वैशाखातली दुपार होती. पत्रे तापले होते. संग्रहालय बंद ठेवलं होतं. आत मास्तर, सावळीराम आणि त्याचे हमाल एवढेच.

प्रतिभाताईंनी दहीभाताचा नैवेद्य दाखवला. छातीवर मोगऱ्याचं फूल वाहिलं.

या वेळी कुणी हसलं नाही. बाहेर चौकात ट्रकांचे हॉर्न वाजत होते.

त्यांनी अक्षता टाकल्या आणि मूर्ती जागची जराशी हलवली.

डोळ्यांवरची ओल गेलेली होती. काळ्या रंगाला भेगा पडल्या होत्या, जशा जुन्या रंगाला पडतात.

पूजेत असतो तो शेवटचा भाग राहिला होता. देव निघाला की वाहिलेलं फूल उचलायचं, हुंगायचं आणि आपल्या डोळ्यांना लावायचं. ज्याच्या हृदयातून बोलावला, त्याच्याच हृदयात तो परत जातो, असं कमळाबाई वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवत. प्रतिभाताईंनी कितीतरी घरांचे गणपती, गौरी असे उठवले होते. हाताला सवय होती.

त्यांनी फूल उचललं, हुंगलं, डोळ्यांना लावलं.

हात तिथंच थांबला.

"झालं का वयनी?" सावळीरामनं विचारलं. "टेम्पो लावलाय."

"झालं," त्या म्हणाल्या.

बसवताना हमालांचा घाम निघाला होता. आता मात्र साहेब सहज उचलले गेले. एका हमालानं मूर्तीवर टिचकी मारून पाहिली. "आतून पोकळ केलं व्हतं का, मास्तर?"

"नाही," मास्तर म्हणाले. "भरीव होतं."

धरणाचं आवर्तन सुटलेलं होतं, म्हणून तपोवनापाशी नदीला पाणी होतं. मूर्ती पाण्यात ठेवली आणि हात काढायच्या आत विरघळून गेली. पाणी गढूळ झालं, मग वाहत्या पाण्याबरोबर स्वच्छ झालं. सावळीरामनं सवयीनं हात जोडले आणि मग ओशाळून खाली घेतले.

टेबल आणि खुर्ची मास्तरांनी तशीच ठेवली. रिकाम्या खुर्चीवर पाटी टांगली, 'साहेब जागेवर नाहीत.' सुट्टीतली मुलं त्या पाटीला सगळ्यांत जास्त हसू लागली. मुंग्या टेबलापर्यंत येऊ लागल्या. खुर्चीवर धूळ बसली. नवस करणारी माणसं रिकामी खुर्ची बघून चपला घालून परत गेली. फाईल ठेवली तिथंच राही. मास्तर पुन्हा शीळ घालत काम करू लागले, आणि प्रतिभाताईंना जेवण जाऊ लागलं.

जूनमध्ये कचेरीतून निरोप आला. तेजल आणि शुभांगी, दोघींनी मूळ कागद घेऊन हजर राहायचं. त्याच दिवशी निर्णय होणार. कागद तपासूनच निर्णय होणार असेल तर जागा शुभांगीला मिळणार, हे तेजललाही ठाऊक होतं. आदल्या दिवशी दोघींचं फोनवर बोलणं झालं. "जिला मिळेल तिनं मिसळ खाऊ घालायची," असं ठरलं.

त्या दिवशी निर्जळी एकादशी होती. प्रतिभाताई पहाटे उठल्या, पूजा झाली, जप झाला. मन हलकं होतं. आता जे होईल ते ज्याचं त्याला मिळून होईल, एवढंच त्यांनी देवापुढं म्हटलं. मग त्या पाटावर माळ घेऊन बसल्या.

तेजल तयार होऊन आली. घरातून कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की त्याच्या हातावर दही-साखर घालायची, ही त्या घरची रीत. आईचा उपवास, म्हणून तेजलनंच वाटीत दही काढून साखर घातली, वाटी आईच्या पुढ्यात पाटाशी ठेवली आणि वाकून पाया पडली.

"आई, आज काम व्हायलाच पाहिजे बघ," ती म्हणाली.

"असं म्हणू नको," प्रतिभाताई म्हणाल्या. पण ती म्हणून चुकली होती.

त्यांनी चमच्यानं दही तिच्या तळहातावर घातलं. तेजलनं ते चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"शी! आंबट ढाण आहे. चांगली चमचाभर साखर घातली होती की मी!"

प्रतिभाताईंनी काही चाखलेलं नव्हतं. त्यांची जीभ गोड झाली होती.

टेलिफोन वाजला. तेजल ओले हात पुसत धावली. "हो, मीच बोलतेय... हो सर... म्हणजे यायला नको?... खरंच?" तिनं फोन ठेवला आणि दोन्ही हात तोंडावर धरले. "आई, सही झाली! माझ्या फाईलवर सही झाली! आता या क्षणी, म्हणाले!"

"आणि शुभांगी?"

तेजलचा आवाज उतरला. "तिच्या कागदांत काहीतरी त्रुटी निघाली म्हणे. फिरून दाखल करायला सांगतायत." तिनं कागदांची पिशवी खुंटीला टांगली. मग पप्पांना सांगायला अंगणात गेली.

प्रतिभाताई उठून मोरीत गेल्या. तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, चूळ भरायला ओंजळ ओठांपर्यंत नेली. निर्जळी होती. पाणी तोंडात घ्यायचं नव्हतं. आयुष्यात त्यांनी ते मोडलेलं नव्हतं.

ओंजळ सोडून दिली. पाणी मोरीत वाहून गेलं.

अंगणातून मास्तरांचा आवाज येत होता, "न देता! बघितलंस? एक पैसा न देता!"

त्या परत पाटावर येऊन बसल्या. माळ हातात घेतली. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि त्यांना एक ढेकर आला. पोटभर जेवल्यासारखा.